चांदीच्या बुलियन नाण्यांवरचे डाग: पांढरे ठिपके, रंगीत कड आणि एक चिकट नाणं

कोरी_चकती

नमस्कार मंडळी. एक औंसाच्या बुलियन (म्हणजे धातूच्या किमतीसाठी घेतलेल्या) नाण्यांवर तीन वेगवेगळ्या तऱ्हेचे डाग आहेत. काय करावं, आणि काय मुळीच करू नये, ते सांगा.

१) मेपल लीफ (कॅनडाचं नाणं), साल २०१६. टांकसाळीच्या मूळ नळीत २५ नाणी, नळी कोरड्या कपाटात. सहा नाण्यांवर पांढरे, दुधाळ ठिपके. काही टाचणीच्या डोक्याएवढे, एकावर राणीच्या गालावरून खाली ओघळ आल्यासारखा पट्टा. नळी घेतली तेव्हा हे नव्हते.

२) ब्रिटानिया (ब्रिटनचं नाणं), साल २०१४. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये होती. कडेला पिवळा, त्याच्या आत तांबूस आणि एका जागी निळसर रंग. मध्यभाग स्वच्छ.

३) अमेरिकन ईगल, मऊ पारदर्शक फ्लिपमध्ये (प्लास्टिकच्या खिशात). बोट लावलं तर चिकट लागतं, आणि अक्षरांच्या खाचांत हलकी हिरवट झाक आहे.

कोणता डाग कशाने जातो? आणि डाग आहेत म्हणजे चांदीत खोट आहे असं समजायचं का?

गंधकवैरी

आधी क्रम लावा. तिसरं नाणं आज, दुसरं सावकाश, पहिलं जवळजवळ कधीच नाही. तिन्ही डागांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे तिघांना एकच द्रावण लावायला जाऊ नका.

ईगलवरचा चिकटा पीव्हीसीचा आहे. फ्लिप मऊ राहावी म्हणून पीव्हीसीत तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात. काही वर्षांत तो बाहेर झिरपून नाण्यावर बसतो, आणि पीव्हीसी विघटित होताना थोडंथोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते धातू खातं. हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा असतो, म्हणून ९९९ (हजारात ९९९ भाग शुद्ध) चांदीवर तो फिकाच दिसतो. रंगाची वाट पाहत बसू नका, चिकटपणा हीच खूण.

काढायचं असं:

शुद्ध ॲसिटोन घ्या. नखांवरचं रंग काढायचं द्रावण चालत नाही, त्यात पाणी, तेल, सुगंध आणि कधी रंगही असतो. झाकणाच्या काचेच्या तीन बरण्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत. पहिल्या बरणीत नाणं पूर्ण बुडेल एवढं ॲसिटोन, दहा मिनिटं, अधूनमधून बरणी हलकेच गोल फिरवायची. मग नाणं ओलं असतानाच दुसऱ्या बरणीत, ताज्या ॲसिटोनमध्ये. मग तिसऱ्या. मधे वाळू द्यायचं नाही, कारण पहिल्या बरणीत विरघळलेला प्लास्टिसायझर नाणं वाळताच पातळ थर होऊन परत तिथेच बसतो. निम्म्या लोकांचं इथेच चुकतं आणि मग ‘ॲसिटोननं काही होत नाही’ असं म्हणतात. खाचांत काही उरलं तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावरून लाटायचा, घासायचा नाही. जुना, घट्ट चिकटा असेल तर पहिल्या बरणीत झाकण लावून काही तास ठेवा. ॲसिटोन चांदीला काहीच करत नाही, वेळेची भीती नको.

भीती आगीची. त्याची वाफ उणे २० अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकते. शेगडी, समई, हीटर, काहीही जवळ नको. खिडकी उघडी हवी. पातळ नायट्राइल हातमोजे ॲसिटोनमध्ये लवकर विरतात, म्हणून नाणं प्लास्टिकची टोपी लावलेल्या चिमट्यानं कडेला धरा. ती टोपीही ॲसिटोनमध्ये न विरघळणाऱ्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिनची, असू द्या.

एक बारीक गोष्ट: ॲसिटोन झपाट्यानं उडतं, त्यानं नाणं गार पडतं, आणि दमट हवेत त्यावर लगेच दव धरतं. ते दव सुकलं की नवे डाग. त्यामुळे दमट दिवशी हे काम टाळा, किंवा नाणं बाहेर काढताच बिनतंतूच्या कापडावर ठेवून वरून दुसरं कापड नुसतं टेकवा. आणि ओलं नाणं कॅप्सूलमध्ये (कडक प्लास्टिकच्या गोल डबीत) घालू नका, ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीन ॲसिटोननं पांढरं पडतं, तडकतं.

ठसा_आणि_कड

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मी लिहितो.

यांना संग्राहक ‘मिल्क स्पॉट’ म्हणतात. हा तुमच्या साठवणुकीचा दोष नाही. नाण्याची कोरी चकती ठसा मारण्याआधी भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन चकचकीत करतात. धुण्यातले क्षार किंवा साबणाचा अंश चकतीवर राहिला आणि ती तापली किंवा दाबाखाली गेली, की तो पृष्ठभागातच बसतो. ठसा मारताना काही दिसत नाही. पुढे हवेतल्या ओलाव्यानं महिन्यांत, कधी वर्षांत, तो पांढरा होऊन वर येतो. सर्वांत मान्य असलेला खुलासा हा आहे, आणि ठिपक्यांत सिल्व्हर क्लोराइड असतं असं सहसा मानलं जातं. म्हणूनच मूळ नळी न उघडताही आतली नाणी ठिपक्यांची निघतात.

मेपल लीफ यासाठी बदनाम आहे, पण ईगल, फिलहार्मोनिक (ऑस्ट्रियाचं नाणं), ब्रिटानिया, कुणीच सुटलेलं नाही. मेपल लीफवर २०१४ पासून मोकळ्या जागेत बारीक किरणरेषा आहेत. त्या सगळ्या एकसारख्या चमकतात आणि मधला मंद ठिपका लगेच डोळ्यांत भरतो. रॉयल कॅनेडियन मिंटनं २०१८ पासून चांदीच्या मेपल लीफवर ‘मिंटशील्ड’ नावाची प्रक्रिया सुरू केली ती याच तक्रारीपायी. तुमची नाणी त्याच्या दोन वर्षं आधीची.

आधी खात्री करा की ते खरोखर मिल्क स्पॉटच आहेत. दहापट भिंग आणि एका बाजूनं तिरपा प्रकाश. मिल्क स्पॉट सपाट असतो, धातूच्या पातळीतच, कडा धूसर, मधे गोठल्यासारखा मंदपणा. पाण्याच्या डागाला बाहेरून गडद कडा असते आणि तो डिस्टिल्ड पाण्यात पाच मिनिटांत जातो. बोटाच्या ठशात भिंगाखाली रेषा दिसतात. चिकट, उठलेला पांढुरका थर असेल तर तो पुन्हा पीव्हीसी. म्हणून एका नाण्याला आधी डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोन देऊन पाहा. दोन्हींत ढिम्म हलला नाही, की मिल्क स्पॉट. तिथे थांबा.

नळी२५

ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, गरम पाणी. तिन्ही प्रकार पाच मिनिटांत साफ. उगाच एवढं रसायनशास्त्र कशाला?

गंधकवैरी

@नळी२५ तिन्ही नाही, एकच. आणि तोही अटींसह.

फॉइलची पद्धत काळ्या-पिवळ्या थरावर चालते, कारण तो सिल्व्हर सल्फाइडचा असतो. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम आणि चांदी एकमेकांना टेकली की छोटी विद्युतघट तयार होते, गंधक चांदीला सोडतं आणि चांदी जागच्या जागी परत धातू होते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याच गंधकाचा. पीव्हीसीचा तेलकट थर मात्र हा सोडा नीट काढत नाही. उलट तो थर सल्फाइडवर बसलेला असेल तर पाणी खाली पोचतच नाही आणि नाणं ठिगळं लावल्यासारखं दिसतं. त्यामुळे काहीही करायच्या आधी ॲसिटोन.

परत जमा होणारी चांदी पूर्वीसारखी घट्ट, तुळतुळीत बसत नाही. भुसभुशीत, पांढुरकी बसते. पातळ पिवळ्या थरावर हे जाणवत नाही, जाड काळ्या थरावर नाणं नंतर निर्जीव दिसतं. शिवाय फॉइलच्या सुरकुत्या जिथे टेकतात तिथे आरशासारख्या पृष्ठभागावर खुणा उमटतात. भांड्यांसाठी उत्तम पद्धत, प्रूफ (आरशासारख्या चकाकीच्या) नाण्यांसाठी नको.

करायचंच असेल तर: काचेचं भांडं, तळाशी फॉइल (चकचकीत बाजू कुठली याने फरक पडत नाही), एक लिटर ७० ते ८० अंशांचं पाणी, त्यात सपाट मोठा चमचा सोडा, साधारण १५ ग्रॅम. नाणं कडेवर उभं टेकवा म्हणजे चेहऱ्यावर फॉइल लागणार नाही. एक मिनिट, फार तर दोन. रंग गेला की बाहेर. साधं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोनची एक बुडी म्हणजे पाणी निघून जाईल.

ठसा_आणि_कड

मिल्क स्पॉटवर फॉइलनं कधी कधी ठिपका फिका होतो, तेवढ्यावरून ‘गेला’ अशी आवई उठते. क्लोराइडची चांदी होते खरी, पण तिथला पृष्ठभाग आधीच खडबडीत झालेला असतो. प्रकाश तिथे विखुरतो. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्याऐवजी राखाडी ठिपका मिळतो, आणि त्याच्याभोवती धुतलेल्या नाण्याचा वेगळा रंग. हा सौदा तोट्याचा.

खोडरबर आणि टूथपेस्टवाले अजून आलेले नाहीत, येण्याआधीच सांगतो. शुद्ध चांदीची कठिणता मोह्‌ज मापावर अडीच ते तीन. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा खडू असतो. सिलिका सात. खडू तीन, म्हणजे तोही चांदीच्या बरोबरीचा. ठिपका जातो, कारण त्यासोबत पृष्ठभागही जातो, आणि उरतात केसासारखे ओरखडे, जे तिरप्या प्रकाशात लांबूनही कळतात. ठिपका हा टांकसाळीचा दोष आहे, ओरखडा तुमचा ठरतो. घेणारा पहिल्याला समजून घेतो, दुसऱ्याला नाही.

अमोनिया हा आणखी एक सल्ला फिरतो. सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं हे बरोबर आहे. पण चांदी असलेलं अमोनियाचं द्रावण बरणीत पडून राहिलं तर त्यातून काळा, स्फोटक गाळ तयार होऊ शकतो, जो नुसत्या हलवण्यानंही फुटतो. एका ठिपक्यासाठी हा धोका कुणीही घेऊ नये. अमोनिया आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, हे तर आलंच.

वजनकाटा

खोट आहे का, याचं उत्तर डागांत नाही. मिल्क स्पॉट ९९९९ शुद्धतेच्या चांदीवर सर्रास येतो, आणि काळवंडणं हे तर चांदी असल्याचंच लक्षण. उलट बनावट नाणं वर्षानुवर्षं लख्ख राहू शकतं.

शंका असेल तर पाण्यात तोलून पाहा. ०.०१ ग्रॅमचा काटा, त्यावर पाण्याचा पेला, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, चांदीची घनता १०.४९, म्हणजे आकडा २.९६ च्या आसपास हवा. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर ३.४७ च्या जवळ जाईल. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. नंतर नाणं डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन वाळवा, नाहीतर तपासणीचाच डाग पडायचा.

तेवढ्याच वजनाचं तांब्याचं नाणं त्याच व्यासात बसवायचं तर ते साधारण १७ टक्के जाड लागतं. मूळ नळीत ते इतरांबरोबर बसतच नाही. तुमची २५ नळीत नीट बसतात, म्हणजे निम्मी तपासणी झालीच.

‘काळवंडल्यानं वजन घटतं का’ हा पुढचा नेहमीचा प्रश्न. ३८ मिमीच्या मेपल लीफचं दोन्ही बाजू आणि कड धरून क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंमी. रंगीत थर ५० नॅनोमीटर जाड धरला तर त्यातलं सगळं सल्फाइड मिळून एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. तुमच्या काट्याला ते दिसणारही नाही.

कोरी_चकती

खूप आभार. ईगलला तीन बरण्यांचा उपाय केला. चिकटपणा गेला, पण Y-सारख्या एका खाचेत राखाडी चट्टा दिसतो, तो जात नाही. ब्रिटानियाला फॉइल करू की डिप (चांदी उजळायचं तयार द्रावण)? आणि आता ठेवायचं कशात? फोमची काळी रिंग असलेल्या कॅप्सूल आहेत, त्या चालतील का?

गंधकवैरी

राखाडी चट्टा म्हणजे आम्लानं खाल्लेली जागा. तिथून काढण्यासारखं काही उरलेलं नाही, धातूच कमी झाला आहे. ॲसिटोननं नुकसान थांबलं, भरून येत नाही. सोडून द्या.

ब्रिटानियाला हात लावू नका, असं माझं मत. पुठ्ठ्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंनी तो थर आला. पुठ्ठा कडेला टेकलेला होता म्हणून रंग कडेपासून आत सरकला. थर पातळ असतो तेव्हा पिवळा, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि जाड झाला की राखाडी-काळा. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाला रंग दिसतात तेच हे, थराच्या जाडीप्रमाणे परावर्तित प्रकाश बदलतो. निळ्यापर्यंत आलं असेल तर मधली पायरी उलटून गेली आहे, पण काळं व्हायला अजून अवकाश आहे. असा थर पुष्कळांना आवडतो. पुठ्ठा काढला की वाढही मंदावेल.

डिपमध्ये थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते सल्फाइडसोबत वरची चांदीही किंचित उचलतं. ठशाच्या दाबानं धातू वाहून ज्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात, नाणं फिरवताना जी चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते ती त्यांच्यामुळे. दोन-तीन वेळा डिप केलं की त्या रेषा बोथट होतात. वजन जात नाही, चमक जाते, आणि ती परत येत नाही. करायचंच ठरवलं तर दोन-तीन सेकंद, हातमोजे घालून, उघड्या हवेत. थायोयुरियाबद्दल कर्करोगाचा संशय आहे. लगेच वाहत्या पाण्याखाली एक मिनिट, मग पाण्यात चिमूटभर सोडा घालून त्यात एक बुडी, मग डिस्टिल्ड पाणी. धुणं कमी पडलं की काही महिन्यांत तपकिरी डाग उगवतात आणि माणूस पुन्हा डिपची बाटली शोधतो. मिल्क स्पॉटवर डिपचा उपयोग नाही.

ठसा_आणि_कड

साठवणुकीबद्दल. रिंगचा फोम पॉलिथिनचा असेल तर चालतो. रबरासारखा लवचिक, वास येणारा फोम असेल तर टाकून द्या. रबर कडक करायला गंधक वापरतात आणि तेच कडेला गोल पट्टा काढतं. शक्यतो नाण्याच्या व्यासाची थेट कॅप्सूल घ्या, रिंगच नको. मेपल लीफ ३८ मिमी, ब्रिटानिया ३८.६, ईगल ४०.६, फिलहार्मोनिक ३७. ब्रिटानिया ३८ च्या कॅप्सूलमध्ये दाबून बसवू नका, बाहेर काढताना कडेवर ओरखडा येतो.

प्लास्टिक कोणतं हे ओळखायला दोन चाचण्या. पाण्यात टाका: पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, ती सुरक्षित. बुडालं तर ते पीव्हीसीही असू शकतं आणि मायलरही (म्हणजे पॉलिएस्टर, जे सुरक्षित आहे), दोघांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे पुढची चाचणी लागते. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, ज्योत हिरवी राहिली नाही की तापलेली तार प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत ठसठशीत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. उघड्यावर करा, धूर छातीत घेऊ नका. ॲसिटोनच्या बरण्या त्याआधी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

वजनकाटा

सिलिका जेलबद्दल थोडं. ते ओलावा धरतं, गंधकाचे वायू नाही. दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली ठेवला तर काळवंडणं बरंच मंदावतं, थांबत नाही. वायूंसाठी अँटी-टार्निश (काळवंडणं रोखणारी) पट्टी किंवा सक्रिय कोळसा वेगळा ठेवा, आणि दोन्ही नाण्याला टेकू देऊ नका. निळं जेल गुलाबी झालं की ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं. पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून फुटक्या पुडीतले दाणे नाण्यांच्या डब्यात नकोत. रंग बदलणारं नारिंगी जेल त्यापेक्षा बरं.

डबा हवाबंद हवा, नाहीतर जेल अख्ख्या खोलीचा ओलावा शोषत बसतं आणि आठवड्यात दमतं. लाकडी पेटी, लोकरीचं अस्तर, वर्तमानपत्र, रबरबँड, यांपैकी काहीही आत नको.

नळी२५

ठीक, फॉइलबद्दल माघार. पण ती सहा ठिपक्यांची मेपल लीफ बाकीच्या १९ पासून वेगळी ठेवायची का? ठिपका पसरतो ना?

ठसा_आणि_कड

एका नाण्याचा ठिपका दुसऱ्याला लागत नाही, कारण ज्याचा दोष त्याच्याच चकतीत असतो. वेगळी काढायची ती दुसऱ्या कारणासाठी: विकताना पूर्ण नळी ‘स्वच्छ’ म्हणून देता येणार नाही. वजनावर घेणाऱ्याला फरक पडत नाही, संग्राहकाला पडतो. सहांचे फोटो तिरप्या प्रकाशात काढून आधीच दाखवा. ईगल विकताना ॲसिटोन दिलं आहे हे सांगा, ब्रिटानियाला काही केलेलं नाही हेही सांगा.

नळीतून काढताना नाणी एकमेकांवर सरकवू नका. नळी आडवी करून मऊ कापडावर ओघळू द्या आणि एकेक कडेला धरून उचला. उघड्या बोटाचा मीठ-घामाचा ठसा मिल्क स्पॉटपेक्षा कितीतरी लवकर धातू खातो. लागलाच तर त्याच दिवशी ॲसिटोन, आणि त्यानंतर डिस्टिल्ड पाणी, कारण चरबी ॲसिटोननं जाते, मीठ नाही. शेवटी पुन्हा ॲसिटोनची एक बुडी.

कोरी_चकती

सहा वेगळी काढली, ब्रिटानिया ३९ च्या कॅप्सूलमध्ये गेली. किंचित हलते, पण ओरखड्यापेक्षा बरी. फोमच्या रिंगला रबराचा वास येत होता, सगळ्या टाकल्या. धाग्याला ‘सुटला’ अशी खूण करतो.

वजनकाटा

हलते तर डबा हलवताना ती कॅप्सूल आडवी, सपाट ठेवा. उभी ठेवलीत तर कड घासून तिथे चमकदार पट्टा येतो.